छोटी गाठ कुठल्या यंत्रावर दिसते? गॅमा कॅमेरा, स्पेक्ट, पेट आणि मिलिमीटरचा हिशोब

गॅमाकण

नमस्कार मंडळी,

"पाच-सहा मिमीची गाठ पकडायची असेल तर यंत्र कुठलं घ्यावं?" हा प्रश्न अणुवैद्यकातल्या चर्चेत हमखास निघतो, आणि उत्तर म्हणून माहितीपत्रकातला रिझोल्युशनचा आकडा पुढे केला जातो. याचं साडेतीन मिमी, त्याचं साडेचार, म्हणून पहिलं चांगलं. वैद्यकीय भौतिकशास्त्रात काम करताना हा हिशोब मला सतत खटकत आला आहे. म्हणून हा धागा. (नव्यांसाठी: अणुवैद्यकात रुग्णाला किरणोत्सारी औषध, म्हणजे ट्रेसर, देतात. ते शरीरात जिथे साठतं, म्हणजे जिथे अपटेक होतो, तिथून निघणारे फोटॉन यंत्र टिपतं. गॅमा कॅमेरा सपाट चित्र देतो. तोच रुग्णाभोवती फिरवून त्रिमितीय चित्र बांधलं की स्पेक्ट. पेट हे पॉझिट्रॉन, म्हणजे धनभारित इलेक्ट्रॉन, सोडणाऱ्या ट्रेसरवर चालतं.)

रिझोल्युशन सांगतं की शेजारशेजारचे दोन ठिपके वेगळे दिसतील का. एकटा ठिपका दिसेल का, हा प्रश्न निराळा. रात्रीचा तारा डोळ्याच्या रिझोल्युशनपेक्षा कितीतरी लहान असतो, तरी दिसतो. कारण तो उजळ आणि भोवतालचं आकाश काळं. चार मिमीची लसीकाग्रंथी पेटवर दिसते ती याच कारणाने. आणि यकृतातली बारा मिमीची गाठ कधीकधी अजिबात दिसत नाही, कारण भोवतालचं यकृतही तेवढंच उजळ असतं.

आता थोडं गणित. समजा गाठ गोल आहे आणि यंत्र तिला गाउशियन (घंटेच्या आकाराच्या) पद्धतीने पसरवतं. पार्श्वभूमीपेक्षा गाठीत जेवढा जास्त अपटेक आहे, त्यातला गाठीच्या मध्यावर किती शिल्लक राहतो? गाठीचा व्यास रिझोल्युशनच्या (म्हणजे अर्ध्या उंचीवरच्या रुंदीच्या) दुप्पट असेल तर सुमारे ८६ टक्के. दीडपट असेल तर ६३. बरोबरीचा असेल तर २९. आणि निम्मा असेल तर फक्त ५ टक्के. घसरण किती तीव्र आहे पाहा.

म्हणजे ५ मिमीच्या गाठीचा १० मिमी रिझोल्युशनच्या स्पेक्टवर ५ टक्के उरला, आणि ५ मिमी रिझोल्युशनच्या पेटवर २९ टक्के. इथवर सगळं पेटच्या बाजूने आहे. पण स्पेक्टच्या ट्रेसरने गाठ आणि पार्श्वभूमी यांचं प्रमाण २०:१ दिलं आणि पेटच्या ट्रेसरने ४:१, तर? स्पेक्टवर गाठ पार्श्वभूमीच्या सुमारे १.९ पट उजळ दिसेल. पेटवरही सुमारे १.९ पटच! यंत्राने दुप्पट धारदार होऊन जे कमावलं, ते ट्रेसरने गमावलं.

माझं म्हणणं एवढंच की गाठ कुठली, ट्रेसर कुठला आणि पार्श्वभूमी किती, हे ठरल्याशिवाय दोन यंत्रांची तुलना सुरूच होत नाही. आपापले अनुभव लिहा, मतभेद असतील तर अगदी मोकळेपणाने.

---

स्फटिक

उत्तम धागा. गणित तपासलं, बरोबर आहे. पण तुम्ही नॉइज (चित्रातली कणीदार खरखर) बाजूला ठेवलात, आणि छोट्या गाठीची खरी लढाई तिथेच असते. दोन्ही चित्रांत गाठ १.९ पट असली तरी ती दोन्हीकडे सारखी दिसणार नाही.

गॅमा कॅमेऱ्याला दिशा कळावी म्हणून पुढे शिशाचा कोलिमेटर लावावा लागतो, आणि तो दहा हजार फोटॉनांतले जेमतेम एक-दोन आत सोडतो. बाकीचे शिशात संपतात. पेटमध्ये ५११ केईव्हीचे (हे ऊर्जेचं एकक) दोन फोटॉन जवळजवळ विरुद्ध दिशांना निघतात आणि दोन्ही एकाच वेळी नोंदले गेले की रेषा आपोआप मिळते, शिशाची जाळी लागत नाही. त्यामुळे पेटला मिळणारे काउंट्स, म्हणजे नोंदले गेलेले फोटॉन, कैक पटींनी जास्त. मोजणीतला नॉइज काउंट्सच्या वर्गमुळावर ठरतो. तो निम्मा करायचा तर चौपट काउंट्स हवेत. अल्बर्ट रोझ यांचा जुना निकष सांगतो की वस्तू खात्रीने ओळखायची तर तिचा सिग्नल नॉइजच्या सुमारे पाचपट हवा. तुमच्या १.९ पट गाठीला स्पेक्टच्या चित्रात हा निकष गाठणं फार अवघड आहे.

टाइम-ऑफ-फ्लाइटचाही उल्लेख हवा. दोन फोटॉनांच्या येण्यातला फरक २०० पिकोसेकंदांच्या अचूकतेने मोजला तर उगमाची जागा रेषेवर ३ सेंमीपर्यंत ठरते. ५०० पिकोसेकंद असेल तर साडेसात सेंमी. काही जण यावरून समजतात की टाइम-ऑफ-फ्लाइटमुळे रिझोल्युशन वाढतं. तसं नाही, ३ सेंमीची खात्री ५ मिमीच्या गाठीला थेट काय उपयोगाची? फायदा नॉइजमध्ये होतो. रेषेवर सगळीकडे सांडणारा नॉइज छोट्या तुकड्यात अडकतो. ढोबळ हिशोबाने, शरीराची जाडी भागिले ही अनिश्चितता, त्याच्या वर्गमुळाइतकी सुधारणा. म्हणून जाड रुग्णाला याचा फायदा जास्त, आणि जुन्या यंत्रांवर सगळ्यात वाईट चित्र याच रुग्णांचं यायचं.

---

गॅमाकण

स्फटिक, पूर्ण सहमत, आणि नॉइजचा भाग तुम्ही माझ्यापेक्षा नेमका मांडलात. एक जोड देतो: काउंट्स वाढवण्याचा आणखी सरळ रस्ता म्हणजे यंत्र लांब करणं. नेहमीच्या पेटचा पट्टा २०-२५ सेंमीच्या आसपास. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या सायमन चेरी आणि रॅम्झी बदावी यांच्या गटाने पुढाकार घेतलेल्या एक्सप्लोररचा पट्टा १९४ सेंमीचा आहे. त्यावरची माणसाची पहिली चित्रं २०१८ मध्ये आली. डोक्यापासून पायापर्यंत एकाच वेळी मोजणी. तिथे धार फार वाढलेली नाही, काउंट्स वाढले आहेत, आणि तरीही छोट्या गाठी जास्त दिसतात. तुमच्या मुद्द्याला यापेक्षा चांगला पुरावा नसेल.

---

फिल्मवाचक

मी अणुवैद्यकाचा डॉक्टर, रोज चित्रं वाचणारा. भौतिकशास्त्र तुम्ही मांडलंत, मी रुग्णाच्या बाजूने दोन-तीन उदाहरणं देतो.

पॅराथायरॉइड, म्हणजे गळ्यात थायरॉइडमागे असलेल्या छोट्या ग्रंथी. निरोगी ग्रंथीचं वजन ३० ते ५० मिलिग्रॅम. ॲडेनोमा (कर्करोग नसलेली गाठ) झाला तरी पुष्कळदा सेंटिमीटरच्या आतच असतो, आणि थायरॉइडला चिकटून बसलेला. टेक्नेशियम-सेस्टामिबी हा ट्रेसर दिल्यावर थायरॉइडही उजळतं. मग दोन तासांनी पुन्हा चित्र काढायचं, थायरॉइड धुऊन निघेल आणि ॲडेनोमा उरेल या आशेवर. बरेचदा उरतो. पण छोटा असेल, किंवा त्यातून सेस्टामिबी लवकर निघून गेलं, तर काहीच हाती लागत नाही. नुसतं समोरून काढलेलं सपाट चित्र, मग स्पेक्ट, मग स्पेक्ट-सीटी अशा प्रत्येक पायरीवर सापडण्याचं प्रमाण वाढतं. फ्लुओरोकोलीन या ट्रेसरच्या पेटने त्यापुढची मोठी झेप घेतली. सेस्टामिबीत काहीच न दिसलेल्या रुग्णांत तिथे गाठ सापडते हे मी वारंवार पाहिलं आहे. आता गंमत अशी की इथे ट्रेसर आणि यंत्र दोन्ही एकदम बदलले. यश कुणाचं? गॅमाकण म्हणतात तसं, दोन्ही वेगळे काढणं सोपं नाही.

न्यूरोएंडोक्राइन गाठींचीही (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या) हीच कथा. इंडियम-१११ पेंटेट्रिओटाइड या गॅमा कॅमेऱ्याच्या ट्रेसरला अमेरिकेत १९९४ मध्ये मान्यता मिळाली, गॅलियम-६८ डोटाटेट या पेटच्या ट्रेसरला २०१६ मध्ये. दोन्ही सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टरलाच चिकटतात. पण डोटाटेटची रिसेप्टर-२ शी ओढ कितीतरी जास्त, वर पेटचे काउंट्स आणि पेटची धार. आतड्याच्या आवरणातल्या ज्या बारीक गाठी पूर्वी शस्त्रक्रियेत हाताला लागायच्या, त्या आता आधीच दिसतात आणि उपचारांची आखणीच बदलते.

मात्र एका गोष्टीने मला खरोखर काळजी वाटते. जास्त दिसणं म्हणजे जास्त बरोबर असणं नव्हे. प्रोस्टेट कर्करोगासाठीचा एफ-१८ पीएसएमए-१००७ हा ट्रेसर वापरल्यावर बरगड्यांत छोटे छोटे उजळ ठिपके दिसतात आणि त्यांतले पुष्कळसे मेटास्टॅसिस (पसरलेला कर्करोग) नसतात. डिजिटल पेटवर (नव्या पिढीच्या यंत्रांवर) ते आणखी ठळक होतात. नुसत्या बरगडीतल्या ठिपक्यावरून कुणाला "हाडात पसरलाय" असं सांगितलं तर त्याचा पूर्ण उपचारच बदलेल. यंत्रांच्या तुलनेत "किती जास्त गाठी सापडल्या" हा रकाना सगळे भरतात. त्यातल्या खऱ्या किती निघाल्या, हा रकाना पुष्कळदा रिकामा असतो. माझ्या दृष्टीने दुसरा रकाना पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

---

किरणपंथी

+१ शेवटच्या परिच्छेदाला. वाचतोय.

---

निरंतर_विद्यार्थी

तंत्रज्ञ अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन शंका.

१) पिनहोल (एकच बारीक भोक असलेल्या) कोलिमेटरला रिझोल्युशन चांगलं असतं, मग छोट्या गाठींसाठी सगळीकडे तोच का वापरत नाहीत?
२) सीझेडटीचा डिटेक्टर आला म्हणजे छोट्या गाठींचा प्रश्न सुटला का?

---

स्फटिक

१) पिनहोलमध्ये चित्र मोठं होऊन क्रिस्टलवर पडतं, म्हणून क्रिस्टलची स्वतःची तीन-चार मिमीची अस्पष्टता बाधत नाही. पण भोकापासून अवयव जसा दूर जाईल तशी संवेदनशीलता अंतराच्या वर्गाने घटते आणि मोठेपणाही जातो. म्हणून त्वचेजवळच्या छोट्या अवयवाला, म्हणजे थायरॉइड, पॅराथायरॉइड, लहान मुलांच्या मांडीचा खुबा यांना तो उत्तम. पोटातल्या गाठीला नाही. एरवी नेहमीच्या समांतर छिद्रांच्या कोलिमेटरलाही अंतर चालत नाहीच. १० सेंमीवर त्याचं रिझोल्युशन सात-आठ मिमी, पुढे आणखी ढासळतं. परीक्षेत विचारतील आणि रोजच्या कामातही लागेल: डिटेक्टर रुग्णाच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या. हे फुकटचं रिझोल्युशन आहे आणि घाईत नेमकं तेच सुटतं.

२) नाही सुटला. सीझेडटी म्हणजे कॅडमियम-झिंक-टेल्युराइड. सोडियम आयोडाइडमध्ये आधी प्रकाश होतो, मग त्याचं विद्युत संकेतात रूपांतर. सीझेडटीत फोटॉनपासून थेट विद्युतभार. १४० केईव्हीला ऊर्जेची अचूकता सोडियम आयोडाइडची नऊ-दहा टक्के, सीझेडटीची पाच-सहा. त्यामुळे विखुरलेले फोटॉन जास्त गाळता येतात आणि चित्राचा कॉन्ट्रास्ट सुधारतो. पण पुढे कोलिमेटर आहेच, भौतिकशास्त्राची ती अट टळत नाही. शिवाय भार पूर्ण गोळा न झाल्याने ऊर्जेच्या आलेखाला खालच्या बाजूला शेपूट येतं. आयोडीन-१२३ आणि टेक्नेशियम एकत्र वापरताना १५९ चं शेपूट १४० च्या खिडकीत शिरतं, ते दुरुस्त करावं लागतं.

सीझेडटीचा खरा फायदा त्याच्या लहानपणात आहे. डिटेक्टर पातळ आणि छोटे, म्हणून ते अवयवाला अगदी भिडवता येतात किंवा रुग्णाभोवती कडं करून ठेवता येतात. स्तनासाठीच्या खास कॅमेऱ्यांत दोन डिटेक्टरांमध्ये स्तन हलका दाबून धरतात आणि सेंटिमीटरच्या आतल्या गाठी दिसतात. पूर्ण आकाराच्या गॅमा कॅमेऱ्यावर, बऱ्याच अंतरावरून, त्याच गाठी निसटत होत्या. अंतर, पुन्हा अंतर.

---

उंबरठा

तुमच्या चर्चेत मध्येच एका सामान्य माणसाचा प्रश्न. बाबांच्या सीटीत उजव्या फुप्फुसाच्या तळाशी ६ मिमीची गाठ दिसली. पेट-सीटी झालं, अहवालात लिहिलंय "एफडीजी अपटेक नाही". नातेवाईक म्हणतात सुटलो. खरंच असं समजावं का? दोन दिवस झोप नाही, म्हणून विचारतोय.

---

फिल्मवाचक

उंबरठा, बाबांचे कागद न पाहता निदानाबद्दल मी बोलणार नाही, पण अहवालातल्या त्या वाक्याचा अर्थ सांगू शकतो. एफडीजी म्हणजे साखरेसारखा ट्रेसर.

६ मिमीच्या गाठीत पेटला काही दिसलं नाही, यावरून "काही नाही" असंही ठरत नाही आणि "काही आहे" असंही नाही. वर गॅमाकण यांनी दिलेला हिशोब पाहा: इतक्या छोट्या गाठीतला बराचसा सिग्नल पसरून जातो. त्यात तळाची जागा. पेटला प्रत्येक ठिकाणी मिनिटभर ते काही मिनिटं लागतात, तेवढ्यात श्वास चालूच असतो आणि डायाफ्रामजवळची गाठ सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वरखाली होते. उरलेला सिग्नलही त्या रुंदीत फासला जातो. म्हणून फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या रेडिओलॉजीतल्या तज्ज्ञसंस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत योगायोगाने सापडलेल्या घट्ट गाठीसाठी पेटचा पर्याय ८ मिमीच्या वर येतो. त्याखाली मुख्य साधन म्हणजे ठरावीक काळाने सीटी करून आकार पाहणं.

धीर देणारी बाजूही सांगतो: या आकाराच्या बहुसंख्य गाठी जुन्या संसर्गाच्या खुणा किंवा तत्सम निरुपद्रवी असतात. बाबांचा छातीचा जुना सीटी कधी कुठल्याही कारणाने झाला असेल तर तो शोधून डॉक्टरांना द्या. गाठ तेव्हाही तेवढीच असेल, तर त्या एका तुलनेतून जे कळेल ते आज कुठल्याही महागड्या यंत्रातून कळणार नाही. आणि पुढची सीटी कधी, हे त्यांच्याकडून तारखेसह लिहून घ्या.

---

उंबरठा

मनापासून आभार डॉक्टर. जुना सीटी आहे, पोटाचा होता पण फुप्फुसाचा तळ त्यात आला असेल का?

---

फिल्मवाचक

येतो, पोटाच्या सीटीत फुप्फुसाचा तळ बहुतेक वेळा येतोच. नक्की घेऊन जा.

---

निरंतर_विद्यार्थी

आणखी एक. गॅलियमचं पेट आणि फ्लोरिनचं पेट एकाच यंत्रावर केलं तर रिझोल्युशन सारखंच ना?

---

स्फटिक

नाही. पॉझिट्रॉन निघाल्यावर थांबेपर्यंत थोडा प्रवास करतो आणि फोटॉन तिथून निघतात. फ्लोरिन-१८ च्या पॉझिट्रॉनची कमाल ऊर्जा ०.६३ एमईव्ही (एक एमईव्ही म्हणजे हजार केईव्ही), पाण्यात सरासरी प्रवास सुमारे ०.६ मिमी. गॅलियम-६८ ची १.९ एमईव्ही, प्रवास ३ मिमीच्या आसपास. फुप्फुसासारख्या विरळ भागात त्याहून लांब. शिवाय दोन फोटॉनांमध्ये बरोबर १८० अंश नसतात, किंचित फरक असतो. ८० सेंमी व्यासाच्या कड्यात त्यामुळे १.८ मिमीची भर पडते. क्रिस्टल कितीही बारीक केले तरी हे दोन्ही कमी होत नाहीत.

आणि अर्धायुष्य: गॅलियम ६८ मिनिटं, फ्लोरिन ११० मिनिटं. उशिरा चित्र काढून पार्श्वभूमी उतरू द्यायची मुभा फ्लोरिनला जास्त. तरी गॅलियम-डोटाटेटवर बारीक गाठी छान दिसतात, कारण कॉन्ट्रास्ट प्रचंड. धागाकर्त्यांचा मूळ मुद्दा.

---

किरणपंथी

आमच्याकडे जुनं आणि नवं पेट शेजारी आहे. एकाच रुग्णाला एका इंजेक्शनवर दोन्हीकडे नेऊन तुलना केली, नव्यावर छोट्या गाठी जास्त दिसल्या. ही पद्धत तर निर्विवाद म्हणायची ना?

---

गॅमाकण

किरणपंथी, नेमका हाच प्रश्न यावा असं वाटत होतं. आधी कुठल्या यंत्रावर नेलंत?

एफडीजी गाठीत तासाभरानंतरही साठत राहतं आणि रक्तातलं उतरत जातं. म्हणजे जे यंत्र दुसऱ्या क्रमांकावर, त्याला आयताच जास्त कॉन्ट्रास्ट मिळतो. जुनं आधी, नवं नंतर असाच क्रम सगळ्या रुग्णांत असेल, तर नव्याच्या यशातला काही वाटा घड्याळाचा आहे. उलट बाजूने, उशिरा काउंट्स कमी झालेले असतात. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला, निम्म्यांना नवं आधी, तरच दोन्ही परिणाम समतोल होतात. आणि वाचणाऱ्याला चित्र कुठल्या यंत्राचं आहे हे कळता कामा नये. (कळतंच, नॉइजच्या पोतावरून ओळखू येतं, पण निदान नाव तरी झाकावं.)

दुसरं, रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे कच्च्या मोजणीतून चित्र बांधणं. जुन्यावर ४ मिमीचे व्हॉक्सेल (चित्राचे त्रिमितीय ठोकळे) आणि ५ मिमीचा गाउशियन फिल्टर, नव्यावर २ मिमीचे व्हॉक्सेल आणि पीएसएफ सुधारणा (यंत्राने आणलेली अस्पष्टता गणिताने कमी करणं), अशी चित्रं शेजारी ठेवली तर तुलना यंत्रांची झालीच नाही, सेटिंगची झाली. जुन्या यंत्राचा कच्चा डेटा बारीक व्हॉक्सेलने पुन्हा बांधून पाहा. त्यातही काही गाठी वर येतात, एक पैसा न खर्चता.

पीएसएफबद्दल सावध राहा. ते कडा धारदार करतं, पण साधारण १०-१५ मिमीच्या गोलांत मध्यभाग खऱ्यापेक्षा उंच दाखवू शकतं. एसयूव्ही-मॅक्स, म्हणजे गाठीतल्या अपटेकचा सर्वोच्च आकडा, खोटा फुगतो. छोटी गाठ शोधायला हे चालेल, कदाचित हवंही असेल. पण त्याच चित्रावरून "उपचारानंतर अपटेक किती टक्के उतरला" हे मोजायचं, आणि आधीचं चित्र जुन्या पद्धतीचं, तर रुग्णाचा आजार न वाढताही वाढल्यासारखा दिसेल. युरोपात अर्ल या मानकीकरण कार्यक्रमाच्या मानकांनी यंत्रायंत्रांतले आकडे जुळवून घेतात ते यासाठीच. शोधायला एक चित्र आणि मोजायला दुसरं, असे एकाच डेटातून दोन संच करणं मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं.

तिसरं, माहितीपत्रकातलं रिझोल्युशन हवेतल्या बिंदूस्रोतावर मोजलेलं असतं. माणसात विखुरणं आहे, शोषण आहे, श्वास आहे. नेमा या अमेरिकी मानकसंस्थेच्या प्रतिमा-गुणवत्ता फॅन्टममधला (चाचणीसाठी रुग्णाऐवजी ठेवायच्या नमुन्यातला) सर्वांत छोटा गोलसुद्धा १० मिमीचा (पुढचे १३, १७, २२, २८, ३७). म्हणजे आपला प्रश्न ज्या आकाराचा आहे तो त्या चाचणीत येतच नाही.

---

किरणपंथी

क्रम कायम जुनं आधी, नवं नंतर असाच होता. मुद्दा पोचला. ४ ते ८ मिमीचे पोकळ गोल मिळतात, ते भरून मोजलं तर?

---

गॅमाकण

जरूर मोजा, पण भिंत लक्षात ठेवा. गोलाची प्लॅस्टिकची भिंत मिमीच्या आसपास जाड आणि तिच्यात ट्रेसर नाही. ३७ मिमीच्या गोलाला ती जाणवत नाही. ४ मिमीच्या गोलाभोवती मात्र ती थंड कवचासारखी बसते आणि गोल खऱ्या गाठीपेक्षा फिका दिसतो. दोन्ही यंत्रांना तोटा साधारण सारखाच, म्हणून तुलनेला चालेल. "आमचं यंत्र अमुक मिमीपर्यंत दाखवतं" असा दावा करायला चालणार नाही.

माझ्या मते याहून चांगला मार्ग असा: निरोगी भाग असलेल्या रुग्णांच्या कच्च्या डेटात संगणकाने ठरावीक आकाराच्या, ठरावीक कॉन्ट्रास्टच्या गाठी मिसळायच्या, काहींत नाही मिसळायच्या, आणि फिल्मवाचकांसारख्या लोकांना न सांगता वाचायला द्यायच्या. कुठे आहे हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे खरी सापडलेली आणि खोटी सापडलेली दोन्ही मोजता येतात. डॉक्टरांनी वर म्हटलेला तो दुसरा रकाना भरतो. यकृत, फुप्फुसाचा तळ आणि हाड यांचे निकाल वेगवेगळे ठेवा, एकत्र सरासरी काढू नका. यकृतात हरलेलं यंत्र हाडात जिंकलेलं असू शकतं.

---

फिल्मवाचक

मी वाचायला तयार आहे. दोन विनंत्या: प्रत्येक ठिपक्याला "आहे/नाही" ऐवजी खात्रीचे पाच टप्पे ठेवा, म्हणजे आरओसी आलेख (खरी आणि खोटी सापडण्याचं प्रमाण एकत्र दाखवणारा) काढता येईल; आणि निम्मी चित्रं जाड रुग्णांची असू द्या.

---

किरणपंथी

दोन्ही मान्य. लिस्ट-मोड डेटा (प्रत्येक नोंद वेळेसह) साठवलेला आहे, त्यामुळे त्याच रुग्णाचं दोन मिनिटांचं, एका मिनिटाचं आणि अर्ध्या मिनिटाचं चित्रही वेगळं बांधता येईल. गाठींचे आकार ४, ६, ८ आणि १० मिमी, प्रत्येकी कॉन्ट्रास्ट ४:१, ८:१ आणि २०:१ असं धरतो. यादी इथेच टाकीन, त्रुटी दिसल्या तर सांगा.